सात हातांचा ऑक्टोपस

वैजू,

काल संध्याकाळी आपला मल्हार ऑक्टोपस झाला. तू शिवलेला, जांभळ्या मखमलीचा. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून तुलाच सांगायला बसलोय. बाकीच्यांचा फोन आला की मी 'सावरतोय' म्हणतो आणि ते 'काळजी घ्या' म्हणतात. तुला असल्या बोलण्याचा कंटाळा होता.

तू गेलीस तेव्हा इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर लोकांनी पुष्कळ चांगलं लिहिलं. हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांच्या मदतीला धावणारी. वाचून मला ही कुणी दुसरीच बाई वाटली. हसतमुख? इथं बाहरीनला ईसा टाउनच्या जुन्या बाजारात कपड्यांच्या ढिगाऱ्यात कमरेपर्यंत घुसून एकेक कापड उजेडात धरणारी तू, कपाळावर आठ्या, ओठांत टाचण्या, आणि मागं मी पिशव्या घेऊन उन्हात उभा. "वैजू, चल ना, खलास झालं," म्हटलं की तू टाचण्या न काढताच गुरगुरायचीस. तेव्हाची तू मला सगळ्यात जास्त आवडायचीस, हे ग्रुपवर कुठं लिहायचं?

सुरुवात त्या छत्रीपासून झाली. जुई चार वर्षांची होती. तिच्या वर्गातल्या मुलीनं सार भागातल्या त्यांच्या कंपाउंडमध्ये हॅलोवीनला बोलावलं होतं. आपल्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, सीफच्या मॉलमधून तयार ड्रेस घेऊन येतो. तू म्हणालीस, "तयार भूत? भूत काय तयार मिळतं?" आणि कपाटावरून ती काळी छत्री काढलीस, तुझ्या आईनं लग्नानंतर कुडाळहून बांधून दिलेली. बाहरीनमध्ये छत्री! ती कधी उघडलीच नव्हती. तू तिचा दांडा काढलास, मधोमध कापलीस, काड्या तशाच ठेवल्यास आणि जुईच्या दोन्ही दंडांना बांधलीस. तिनं हात वर केले की पंख फटकन उघडायचे. त्या कंपाउंडमध्ये दहा-बारा राजकन्या होत्या, सगळ्या एकाच दुकानातल्या. वटवाघूळ एकच होतं आणि ते घरी यायला तयार नव्हतं.

मग दरवर्षी आपलं ठरूनच गेलं. दुकानातलं काही आणायचं नाही. जून महिन्यात नोकरी संपवून परत जाणारी माणसं घरातलं सामान वाटतात, तिथून पडदे, चादरी, जुने सूट. माझ्या साइटवरून एसीच्या डक्टला लावतात ती चंदेरी फॉइल. बाकी सगळं ईसा टाउन. एका वर्षी तू म्हणालीस, "हे ड्रॅक्युलाबिक्युला लोकांची भुतं झाली. आपल्याकडे काय भुतांचा दुष्काळ आहे?" आणि जुईला हडळ केलंस. हडळीचे पाय उलटे असतात म्हणून तिच्या जुन्या बुटांच्या टाचांवर तू दुसऱ्या बुटांचे पुढचे भाग कापून शिवलेस. ती येताना दिसायची तरी वाटायचं जातेय. मला मुंजा केलंस. माझ्या टकलावर शेंडी चिकटवलीस, गळ्यात जानवं, आणि मुंजा पिंपळावर राहतो म्हणून एसीच्या खोक्याचा पिंपळ करून माझ्या अंगावर चढवलास. आपल्या माहूजच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मी मावत नव्हतो. जिन्यानं उतरलो. अगदी खाली जिन्यासमोरच दार उम्म युसुफचं, इथल्याच बाहरीनी बाईचं.

त्या म्हातारीनं दार उघडलं, पिंपळाकडे पाहिलं, जुईच्या पायांकडे पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी. "शनू हाजा? ये क्या है?" तू तिला तुझ्या हिंदीत हडळ समजावून सांगितलीस. मग ती म्हणाली, "ये तो हमारा गरगाऊन है!" रमजानच्या मध्यावर इथली मुलं अशीच पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरतात आणि घरातली माणसं त्यांच्या पिशव्यांत खाऊ आणि दाणे ओततात. तिनं आत जाऊन ओंजळभर अक्रोड आणले आणि हडळीच्या पिशवीत टाकले. तेव्हापासून दर गरगाऊनला आपल्या मुलांना तिच्याकडून बोलावणं असतं, आणि दर हॅलोवीनला ती आधीच दार उघडून बसलेली असते.

मला त्या दिवसाबद्दल तुझे आभार मानायचे होते. पिंपळ नेसून जिना उतरताना मी तुला शिव्या देत होतो, तेवढंच तू ऐकलंस. पण बाहरीनमध्ये मी इतकी वर्षं आलो-गेलो, कंपनी, घर, कंपनी. या बिल्डिंगीत माणसं राहतात हे मला त्या संध्याकाळी कळलं.

गेल्या वर्षीचं मात्र वेगळं. जुई चौदाची झाली होती. तू तिच्या मापाचा टेप घेऊन तिच्या खोलीत गेलीस आणि तिनं मान वर न करता सांगितलं, "आय ॲम नॉट डूइंग धिस, आई. सगळे विकत घेतात. वी लुक लाइक वी कान्ट अफोर्ड इट." मी दारात होतो. मला वाटलं आता तू भडकणार. तू म्हणालीस, "बरं. मापं तेवढी घेऊ दे. मन बदललं तर घोळ नको." तिनं हात वर केले, तू मापं घेतलीस, आणि त्या वर्षी ती आली नाही. आपण तिघंच फिरलो. त्यावर तुम्ही दोघी परत कधी बोललात का, मला माहीत नाही. मी दोघींनाही विचारलं नाही. नंतर बोलण्यासारखं बाकीचंच खूप झालं.

मार्चमध्ये पोटदुखी, मग तपासण्या, मग तो शब्द. सलमानिया हॉस्पिटलच्या त्या वॉर्डात तुला सलाइन लावलेलं असायचं आणि दुसऱ्या हातानं तू शिवायचीस. मल्हारनं यंदा ऑक्टोपस सांगितला होता. जांभळा पडदा तुला मे महिन्यातच बाजारात मिळाला होता. तेव्हा तू चालत होतीस, हळूहळू, माझा दंड धरून, पण आठ्या त्याच. घरातल्या जुन्या उशा फोडून तू त्यातला कापूस हातांत भरलास. ऑक्टोपसच्या हातांना खाली गोल गोल चिकटायच्या वाट्या असतात, त्यासाठी माझ्या सगळ्या जुन्या शर्टांची बटणं काढलीस. आजही कपाटात हात घातला की बिनबटणांचा शर्ट हाताला लागतो. केरळची नर्स यायची आणि विचारायची, "आज कौनसा हाथ?" तू म्हणायचीस, "छठा." तिला वाटायचं तुला बरं वाटतंय. मलाही तेच वाटायचं. हात वाढत होते ना.

आठवा हात झाला आणि तू दोरा दातानं तोडून म्हणालीस, "आता डोकं तेवढं राहिलं, आणि जोडायचं." मग ताप आला. मग आपण परत शिवणाची पिशवी उघडली नाही.

गणपती गेले आणि पाठोपाठ तू.

तुझी आई जुलैपासून इथंच होती. तिच्यासमोर सगळं झालं. तिनं मला एकदाही विचारलं नाही की माझ्या मुलीला कुडाळला का नेलं नाहीस. उलट मीच म्हटलं, आई, तिला तिकडं न्यायला हवं होतं का? ती म्हणाली, "पोरां हंय आसत, मगे ती थंय जावन काय करतली?" मुलं इथं आहेत, मग ती तिकडं जाऊन काय करील. यापलीकडे त्यावर आम्ही बोललो नाही.

दहाव्याला कावळा आला नाही. साळुंक्या आल्या, कबुतरं आली. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. सगळे उठले. मी तिथंच बसून राहिलो, कारण मला आपला तो वाद आठवला. आठवतो ना? तू भुतं मानायचीस, मी नाही. तू म्हणायचीस, ज्याचं काही राहून गेलं तो भूत होतो. मी म्हणायचो, राहून तर सगळ्यांचंच जातं, मग सगळ्यांचीच भुतं व्हायला हवीत. तू म्हणालीस, "होतातच. सगळ्यांना परत घर सापडत नाही एवढंच." मी हसलो होतो. तू म्हणालीस, "हस, हस." तो वाद आपण कितीदा घातला असेल, प्रत्येक वेळी कुकरची शिट्टी व्हायची नाहीतर मल्हार पडायचा आणि तो तिथंच राहायचा. वैजू, मी हरायला तयार आहे. माहूज, तिसरा मजला, लिफ्टमधून बाहेर आलं की डावीकडे. पाय उलटे असले तरी चालतील.

पण तू येत नाहीस. तेव्हा बहुतेक मीच बरोबर होतो. असा वाद जिंकणं काय असतं, ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दिवाळी आली आणि गेली. वर्षभर सण नाही म्हणून कंदील लावला नाही, फराळ केला नाही. शेजारच्यांनी डबे आणून दिले. मल्हारनं काही विचारलं नाही. त्याला वाटलं दिवाळी तुझ्याबरोबर गेली. पण दिवाळीनंतर दोन-तीन दिवसांनी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "बाबा, हॅलोवीन पण कॅन्सल का?"

मी 'हो' म्हणणार होतो. सात वर्षांच्या मुलाला, ज्याची आई आत्ताच गेली, भुतांच्या सणाला दारोदार फिरवायचं? लोक काय म्हणतील, हा भाग होताच. पण खरं म्हणजे मला ती पिशवी उघडायची नव्हती. मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती निवडत असलेले तांदूळ बाजूला ठेवून म्हणाली, "तां हॅलोवीन की काय, आपल्या पंचांगात आसा?"

"नाही."

"मगे तेचो दुखवटो कसलो?"

मी काही तरी बोलायला गेलो, तर ती म्हणाली, "माझ्या चेडवान शिवल्यान तां. कपाटात कसर लागाक नाय शिवल्यान." तिच्या लेकीनं शिवलं ते कपाटात कसर लागायला नव्हे. आणि परत तांदूळ निवडायला लागली. तिनं मान खालीच ठेवली.

पिशवी मीच उघडली. सगळ्यात वर तुझा चष्मा होता. तो मी बाजूला ठेवला. मल्हार एकेक हात काढून सोफ्यावर मांडत गेला आणि सातावर थांबला. पिशवी उलटी केली, कपाटं पाहिली, सलमानियाहून आणलेली तुझी बॅग पाहिली. आठवा नव्हता. मल्हार रडकुंडीला आला. "ऑक्टोपस मीन्स एट, बाबा! नाहीतर तो ऑक्टोपस नाहीच!" जुई तिच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "हॉस्पिटलमध्ये राहिला असेल," आणि आत गेली.

तू गेल्यापासून जुई रडली नव्हती. शाळेत जाते, अभ्यास करते, मल्हारचं दप्तर भरते, आजीला गोळ्या देते. घरी येणारी प्रत्येक बाई म्हणते, किती समजूतदार. मला तिच्या त्या समजूतदारपणाची भीती वाटत होती, पण तिला कसं विचारायचं ते मला येत नाही. ते तुझं खातं होतं.

मी आठवा हात करायचा प्रयत्न केला. तुला माहीत आहे मला सुई धरता येत नाही. डक्टच्या फॉइलची गुंडाळी केली, ती पाइपसारखी दिसली. पण दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना मल्हार आपणहून म्हणाला, "सेव्हन इज ओके, बाबा. राहू दे." मला वाटलं शहाणा झाला. मी तो पाइप फेकून दिला.

डोकं तुझ्या आईनं शिवलं, माझ्या चष्म्यानं, कारण तिचा तिला पुरत नव्हता. वाकडं झालं. एक डोळा मोठा, एक बारीक. हात जोडायचं काम जुईनं केलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी कंपनीतून आलो तर ती जमिनीवर बसली होती, मांडीवर जांभळी मखमल, ओठांत टाचण्या. कपाळावर आठ्या. मी बूट न काढताच परत बाहेर गेलो आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो.

काल शुक्रवार. आता कुठं इथली हवा जरा सुसह्य झालीय. सूर्य मावळता मावळता आम्ही निघालो. मल्हार पुढं, डोकं सांभाळत. मागचे दोन हात जिन्यावर घासू नयेत म्हणून ते धरून जुई. ती साध्याच कपड्यांत होती, पण आली. मी कुणीच झालो नव्हतो. मला तसाच पाहूनही लोक दचकलेच असते. तुझी आई घरीच थांबली, देवापाशी दिवा लावायचा म्हणाली.

पहिल्या दारासमोर पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कुणालाच कळवलेलं नाही. आदल्या दिवशी घरोघरी चॉकलेटची पिशवी देऊन 'उद्या माझी पोरं येतील, तेव्हा त्यांना हेच द्या' असं सांगून येणारी तू होतीस. मुलांना अजून ते माहीत नाही. मी मल्हारला थांबवणार, तोवर त्यानं बेल दाबली होती. दार उघडलं. पाकिस्तानी कुटुंब, तुझ्या ओळखीचं, माझ्या नाही. त्या बाई चॉकलेटचा वाडगा घेऊनच उभ्या होत्या. पुढच्या दारातही तसंच. त्याच्या पुढच्याही. कुणी एकानं विचारलं नाही की यंदा कसे काय आलात. मी प्रत्येक दारात फक्त मान हलवत राहिलो.

उम्म युसुफ नेहमीसारखी दार उघडून खुर्चीवर बसली होती. तिनं मल्हारला जवळ ओढलं, त्याच्या वाकड्या डोळ्यांवरून हात फिरवला. मग खेळ म्हणून एकेक हात उचलून मोजायला लागली, वाहिद, इथ्नेन, करत सातापर्यंत आली. "बस? आठवाँ किधर है, हबीबी?"

मल्हारनं एकदा मागं पाहिलं. मग तिच्या कानाला लागला, पण ऑक्टोपसच्या डोक्याच्या आतून बोलत असल्यामुळं ते सगळ्यांना ऐकू आलं. "दीदी के पास है. वो उसको लेके सोती है. किसी को बताना नहीं."

जुईच्या हातातून ते दोन हात खाली पडले. उम्म युसुफ खुर्चीतून पुढं वाकली. तिनं हात लांब केला, जुईचं मनगट धरलं आणि तिला खुर्चीशी ओढून घेतलं. आणि मग वैजू, तुझी मुलगी रडली. त्या म्हातारीच्या अबायात तोंड खुपसून, मोठ्यानं, लहानपणी रडायची तशी. मी जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी पूर्ण मराठीत म्हणाली, "बाबा, त्या हाताला अजून आईचा वास येतो. शिवून टाकला असता तर सगळ्यांनी हात लावला असता."

मी म्हटलं, "राहू दे गं तुझ्याकडेच." याहून चांगलं काही मला सुचलं नाही. तुला सुचलं असतं.

मल्हार घाबरून गेला होता. आपण गुपित फोडलं म्हणून ताई रडतेय असं त्याला वाटलं. उम्म युसुफनं त्याच्या पिशवीत मूठ मूठ अक्रोड टाकले आणि आम्हाला वर पाठवलं. लिफ्टमध्ये जुईनं त्याचं डोकं नीट केलं.

वर आलो. माझ्याजवळ किल्ली होती, पण मल्हारनं आपल्याच घराची बेल वाजवली. तुला माहीत आहे त्यानं का वाजवली ते. दरवर्षी फेरीच्या शेवटी तू पुढं पळत जाऊन आत शिरायचीस आणि आम्ही बेल वाजवली की अनोळखी चेहरा करून दार उघडायचीस. त्यानं ते मनात धरलं होतं. मला ते बघवलं नसतं. मी किल्ली काढायला लागलो. आत तू नाहीस हे त्याला दिसण्याआधी दार उघडायचं होतं.

तेवढ्यात दार उघडलं. तुझी आई. तिला आपल्या त्या खेळातलं काही ठाऊक नाही, तिला कुणी सांगितलेलं नाही. तिनं त्या जांभळ्या प्राण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आणि मग तिच्या गावात कुठलंही पोर दारात आलं की म्हातारी माणसं जे विचारतात, तेच तिनं विचारलं.

"कोणाचो रे तू?"

घरात निम्मं इंग्रजीच बोलणारा आपला मल्हार. मग त्यानं ते वाकडं डोकं दोन्ही हातांनी वर उचललं, आजीला तोंड दिसावं म्हणून, आणि म्हणाला,

"वैजूचो."